मागच्या सीटला दार नसतं

१

सीट फाडणं आणि सीट शिवणं, या दोन कामांवर दोघा भावांचं घर चाललं होतं. गल्लीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. थोरला तो थोरला, धाकटा तो धाकटा, आणि दोघे मिळून कुशनवाले. खाली दुकान, वर दोन खोल्या. वर थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, आणि तिचा शब्द हा दोन्ही मजल्यांवरचा कायदा.

त्या कायद्यातलं एक कलम दुकानात कसोशीने पाळलं जाई. गाडीच्या आत बसून जो काम करील, त्याने तोंड चालू ठेवायचं. झालं होतं असं, की एकदा एका बंद व्हॅनमध्ये फोम चिकटवायचं सोल्यूशन लावता लावता धाकट्याला वासाने भोवळ आली आणि बाहेर मशीनवर बसलेल्या थोरल्याला त्याचा पत्ताही लागला नाही. वहिनी जेवायला बोलवायला खाली आली म्हणून निभावलं. तिने दोघांनाही असं काही झापलं की विचारू नका. तेव्हापासून आतल्याने बोलत राहायचं आणि बाहेरच्याने अधूनमधून ‘हं’ म्हणायचं. आवाज थांबला की बाहेरच्याने हातातलं टाकून धावायचं. थोरला आत असला की बिचारा पाढे म्हणायचा, कारण त्याला बोलायला दुसरं काही सुचत नसे. धाकट्याची ती अडचण नव्हती. तो झोपेतसुद्धा गप्प बसत नाही, असं वहिनी म्हणायची.

तर अशा या दुकानात एका सकाळी दातांचा डॉक्टर आपली कूपे घेऊन आला. लोकांच्या दाढा उपटून जे काही मिळे ते हा गृहस्थ जुन्या गाड्यांत घालत असे, आणि त्याबद्दल बायकोची बोलणी आनंदाने खात असे.

“कूपे म्हणजे? रेल्वेत असतो तो?” धाकट्याने विचारलं.

“अरे बाबा, दोन दारांची, उतरत्या छपराची गाडी. स्पोर्टी!” डॉक्टरांनी बॉनेटवरून असा हात फिरवला की थोरल्याला दुसरीकडे बघावंसं वाटलं. “कंपनीने काय थाटात आणली होती. नाक लांब, शेपूट आखूड. सिग्नल सुटला की बाकीचे सगळे आरशात. आमच्या वेळी कॉलेजच्या पोरांच्या खोल्यांत भिंतीवर हीच असायची. आणि जाहिरात होती, ‘वेगात चौघं’. म्हणजे मागे दोघांची सीट. नावालाच हो! तेवढ्या जागेत पिशव्या बसतील, माणूस नाही. मग शेवटच्या वर्षी कंपनीने मागची सीटच काढून टाकली. नुसती फळी आणि वर गालिचा. आणि पुढे गाडीच बंद केली. ही त्या शेवटच्या वर्षातली आहे.”

थोरल्याने काचेतून आत डोकावून पाहिलं. मागे सीट होती.

“तेच तर म्हणतोय,” डॉक्टर म्हणाले. “कोणीतरी नंतर बसवलीय. ती उपटा आणि टाकून द्या. मला गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी हवी. पुढच्या सीटांना नवीन कव्हर घाला, मागे फळी आणि गालिचा. उद्या संध्याकाळी न्यायला येतो. प्रदर्शन आहे.”

“उद्या म्हणजे घाई होईल,” थोरला म्हणाला.

“दादा, होईल रे,” धाकटा म्हणाला. धाकट्याला सगळंच होत असे.

२

अशा गाडीत मागे बसलेल्या माणसाला दार नसतं. पुढच्या सीटच्या बाजूला एक खटका असतो. तो ओढला की सीटची पाठ पुढे पडते आणि मागच्याला वाट मिळते. पुढच्याने सीट पाडली तर हा सुटला, नाहीतर बसा गुडघे पोटात घेऊन.

या गाडीच्या दोन्ही खटक्यांना तार गुंडाळलेली होती. चांगली जाड, पिळावर पीळ घातलेली, आणि आता गंजलेली. ज्या म्हाताऱ्याकडून डॉक्टरांनी गाडी घेतली त्यानेच ती बांधली असणार. खटका खडखडत असेल म्हणून बांधली असेल, असं थोरल्याला वाटलं. गाडीवाले काय काय जुगाड करतील याचा नेम नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

“एवढी तार? म्हाताऱ्याला गाडी चोरीला जाईल म्हणून भीती होती की सीट पळून जाईल म्हणून?” असं म्हणत धाकट्याने पक्कड लावली आणि कट्कन तोडली. तोडायलाच हवी होती. सीट पाडल्याशिवाय मागे जाणार कसं? जगातल्या कुठल्याही कुशनवाल्याने तेच केलं असतं.

डावीकडची सीट पाडून धाकटा अंग चोरत मागे शिरला. थोरल्याने सीट परत उभी केली, कारण कव्हरचं माप उभ्या सीटवरच घेतात. दोघांची कामाची रीतच तशी होती. एक मागे नटबोल्ट ढिले करी, दुसरा पुढे खडूने खुणा करी, आणि दोघांच्या मधे सीटची पाठ.

“दादा, हिच्यावर भरपूर लोक बसलेत रे,” आतून धाकट्याचं सुरू झालं. “फोम पार दबून गेलाय. पण डोकं कुठे ठेवत असतील? छप्पर मानेला लागतंय माझ्या. वहिनीला म्हणावं, संध्याकाळी तेल लावून दे मानेला. बोल्ट गंजलेत सगळे. आणि दादा, गंमत सांगू? दोघांची सीट, पण मला एकाच बाजूला सरकून बसावंसं वाटतंय. उगाच.”

“हं,” थोरला म्हणाला. त्याच्या तोंडात टाचण्या होत्या.

मग गल्लीतल्या शिंपिणीच्या मुलाचं लग्न, मग बोल्ट, मग रात्रीच्या जेवणाचा अंदाज, असं चालू राहिलं. थोरला खुणा करत गेला. मध्येच सीटच्या पाठीवर आतून कोणीतरी टकटक केलं. थोरल्याने मापपट्टीवरची नजर न काढता खटका ओढला आणि सीट पाडली. त्याला घासून कोणी बाहेर पडलं, खांद्यावर हात टेकला आणि रस्त्याच्या बाजूला गेलं. थोरल्याने सीट उभी केली, मापं मनात घोळवत आतल्या अंगाला मशीनवर जाऊन बसला आणि शिवायला लागला.

“आणि तो शिंपिणीचा मुलगा आहे ना,” गाडीतून आवाज आला, “त्याचं नाक बघितलंस का तू कधी? नवरी पळून जाईल.”

“हं,” थोरला म्हणाला, आणि पायाने मशीन चालवत राहिला.

बराच वेळ असंच चाललं. शिलाई संपवून त्याने दोरा तोडला आणि मान वर केली. दुकानाच्या दारात, उजेडाकडे पाठ करून, धाकटा उभा होता.

“नाकावरनं आठवलं, दादा,” गाडीतला आवाज म्हणाला, आणि वाक्य अर्धंच ठेवून थांबला.

३

आवाज थांबला की धावायचं. थोरला धावला. टॉर्च घेऊन त्याने दोन्ही काचांतून आत पाहिलं, मागच्या उतरत्या काचेतूनही पाहिलं. आत कोणी नव्हतं. दबलेली सीट, पाना, गंजलेले बोल्ट, बास.

“तू बाहेर कधी आलास?” त्याने विचारलं.

“तूच सोडलंस,” धाकटा म्हणाला.

ते खरंच होतं. थोरल्याने स्वतःच सीट पाडली होती. मग इतका वेळ बोलत कोण होतं? तो स्टुलावर बसला आणि माठातलं पाणी प्याला. त्याला राग आला, तो स्वतःचाच. सोल्यूशनचा वास डोक्यात गेला असणार. रोज ऐकून ऐकून कान तो आवाज आपोआपच ऐकत असतील. शिंपिणीच्या मुलाच्या नाकाबद्दल धाकटा याआधी काय कमी वेळा बोलला होता? मनाने जुनंच काहीतरी परत वाजवलं, झालं. असं त्याने स्वतःला समजावलं, आणि ते त्याला बऱ्यापैकी पटलंही.

“चल, सीट काढून टाकू. तू आत हो,” तो म्हणाला.

“आत नको,” धाकटा म्हणाला. तो गाडीपासून हातभर लांब, भिंतीला लागून उभा होता.

“का रे? थकलास?”

“हो.”

धाकट्याने एका शब्दात उत्तर दिलं, हे थोरल्याच्या लक्षात आलं. पण थकला असेल माणूस. संध्याकाळी वहिनीने जेवायला हाक मारली तेव्हा त्याने काम तसंच सोडलं आणि शटर ओढलं.

४

वरचं जेवणाचं टेबल भिंतीला लावलेलं होतं. धाकट्याची जागा कोपऱ्यात, भिंतीच्या बाजूला. लहानपणापासून तो खुर्चीच्या फळीवर पाय देऊन, कोणाच्या तरी डोक्यावरून उडी मारून बाहेर पडायचा आणि वहिनीच्या शिव्या खायचा.

त्या संध्याकाळी तो मान खाली घालून जेवला. म्हणजे लाजून किंवा रुसून नव्हे. मान पुढे, हनुवटी छातीला, डोकं थोडं एका बाजूला कलतं. डोक्यावर काहीतरी टेकलेलं असावं तसं.

“मान अवघडली का, भावजी?” वहिनीने विचारलं. “तेल गरम करते.”

“गाडी बुटकी होती,” थोरलाच म्हणाला.

“ते कळलं हो. पण यांचं तोंडही अवघडलं की काय? आज घरात कोणी मेल्यासारखं वाटतंय मला.” ती हसली, पण मग हसणं तिने आवरतं घेतलं.

जेवण झालं. ती भांडी घेऊन उठली, थोरला हात धुऊन आला. धाकटा बसूनच होता. थोरल्याने कपडे बदलले, रेडिओ लावला, बंद केला. धाकटा तिथेच. हात मांडीवर, गुडघे जवळ घेतलेले, नजर समोरच्या खुर्चीच्या पाठीवर.

“अरे ऊठ की.”

त्याने मान हलवली, पण उठला नाही. थोरल्याला काही कळेना. मग सहज, पुसायचं म्हणून, वहिनीने समोरची खुर्ची बाजूला ओढली. लगेच धाकटा उठला, तिच्या खांद्याला हात टेकून बाहेर आला, आणि जाऊन झोपला.

वहिनी फडकं हातात धरून तशीच उभी राहिली.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “यांचे हात इतके गार कशाने हो?”

आईबापांच्या माघारी थोरल्याने या पोराला लहानाचं मोठं केलं होतं. आजारपणात उशाशी बसला होता, शाळेत त्याच्यासाठी हेडमास्तरांशी भांडला होता. पलीकडच्या खोलीत झोपलेल्या माणसाचा श्वास ऐकताना आज पहिल्यांदाच त्याला त्या खोलीत जायची भीती वाटली. त्या भीतीची त्याला फार लाज वाटली.

५

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधीच डॉक्टर टपकले. दवाखान्यातून पळून आले होते.

“सीट काढली नाही अजून?” त्यांनी आत डोकावून पाहिलं. “आणि ही तार होती ना इथे? बरं झालं तोडलीत, कुरूप दिसायची. तुम्हाला सांगतो, या खटक्याचीही एक गंमत आहे. पहिल्या वर्षीच्या गाड्यांत मागच्या माणसाच्या हाताशीसुद्धा एक खटका असायचा. म्हणजे तो आपला आपण सीट पाडून उतरू शकायचा. दुसऱ्या वर्षी कंपनीने तो काढला. मागच्या माणसाला स्वतःहून बाहेर पडता येऊ नये, असं कुठला शहाणा ठरवतो?”

“का काढला?”

“कोण जाणे. मी जुन्या इंजिनियरला विचारलं होतं. तो म्हणाला, तक्रारी आल्या. कसल्या ते सांगेना. मग सीट काढली, मग गाडीच बंद. खप होता हो चांगला!” डॉक्टर हळहळले. “संध्याकाळी येतो. ती सीट माझ्यादेखत भंगारवाल्याच्या भट्टीत जायला हवी, नाहीतर माझाच मित्र उचलून आपल्या गाडीत बसवेल. चोर आहे मेला.”

ते गेले. धाकटा सकाळपासून वरच होता, खाली आला नव्हता. थोरल्याने पाना उचलला. कामच करायचं ना? करून टाकू. त्याने दार उघडलं.

“दादा,” मागून आवाज आला. बारीक, दमलेला. “ऐकतोयस ना? काल तू ‘हं’ म्हणायचं बंद केलंस.”

थोरल्याच्या हातून पाना पडला.

“मी बोलतोय सारखा. घसा बसला. पाय आखडलेत रे फार. सीट पाड ना.”

पुढच्या सीटच्या पाठीवरून थोरल्याने मागे पाहिलं. दबलेला फोम, रिकामी जागा. पण मागच्या काचेच्या आतल्या बाजूला वाफ धरली होती. गाडीत बसलेल्या माणसाच्या श्वासाची धरते तशी. भरदिवसा, बंद, रिकाम्या गाडीत.

“तू कोण आहेस?” त्याने विचारलं, आणि आपण गाडीशी बोलतोय याने त्यालाच कसंतरी झालं.

“असं काय विचारतोस? बाबांच्या सायकलची सीट मी फाडली होती, आत काय असतं ते बघायला. तू म्हणालास, मी फाडली. पट्टा तू खाल्लास. मी पलंगाखालून बघत होतो. मग आपण दोघांनी मिळून ती शिवली, आणि बाबा तिच्यावर बसले तर सुई राहिली होती आत.” आवाज हसला, आणि हसता हसता रडायला लागला. “आपलं पहिलं काम, दादा.”

थोरला जिना चढून वर गेला, दोन दोन पायऱ्या एकदम. धाकटा टेबलापाशी कोपऱ्यात बसला होता, मान तशीच. वहिनी चुलीपाशी होती.

“बाबांच्या सायकलची सीट कोणी फाडली?” थोरल्याने विचारलं. त्याला धाप लागली होती.

कोपऱ्यातल्याने हळूहळू नजर वर केली. मान नाही, नुसती नजर. ओठ हलले, जणू उत्तर तिथेच कुठेतरी सापडेल म्हणून चाचपत होते.

“सीट,” तो धाकट्याच्याच आवाजात म्हणाला. “सीट फाडू नकोस, दादा.”

थोरल्याला जे कळायचं ते कळलं. समोरची खुर्ची त्याने टेबलाला घट्ट सारली.

“ही हलवू नकोस,” तो बायकोला म्हणाला. “काही झालं तरी हलवू नकोस.”

“अहो, पण झालंय काय?” ती म्हणाली. तो तोवर जिन्यात होता.

६

दुकानात ऊन आलं होतं. थोरल्याने खटक्यावर हात ठेवला आणि तिथेच थबकला. भित्रा नव्हता तो, पण डोकं ठिकाणावर असलेला माणूस होता. आणि म्हाताऱ्याने तार उगाच बांधली नव्हती, हे त्याला आता दिसत होतं. काल एकदा न बघता सीट पाडली तर काय घरात आलं, तेही त्याने पाहिलं होतं.

“दादा?” आतला आवाज आता अगदी जवळ होता, सीटच्या पाठीला तोंड लावून बोलल्यासारखा. “खरं म्हणजे मी म्हणायला हवं, की पाडू नकोस. मला कळतंय ते. पण मला राहवत नाही रे. इथे जागा कमी कमी होत चाललीय.”

“आत किती दिवस झालेत असं वाटतंय तुला?” का कोण जाणे, थोरल्याने विचारलं.



“ते नको विचारूस,” धाकटा म्हणाला.

थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी डॉक्टर येणार, ही सीट भट्टीत जाणार, आणि हा आत बोलत राहणार. नाही. जे व्हायचं ते होवो. ज्याच्यासाठी पट्टा खाल्ला त्याला असं कोंडून आपण वर जाऊन जेवायचं, हे आपल्याच्याने होणार नाही. आयुष्यात इतकी साधी गोष्ट त्याला कधी कळली नव्हती. त्याने खटका ओढला आणि सीट पाडली.

आधी हात आला. सोल्यूशनने पिवळी पडलेली बोटं, नखांखाली गंज. मग खांदा, मग डोकं. धाकटा अक्षरशः ओतला गेल्यासारखा बाहेर आला आणि थोरल्याच्या अंगावर पडला. थोरल्याने त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. तो गरम होता, घामेजला होता, हाडं लागत होती. एका दिवसात त्याच्या दाढीचे केस पांढरे झाले होते, पण होता तोच. त्याच्या मानेचा वास थोरल्याला लहानपणापासून ओळखीचा होता.

“आलास रे, आलास बाबा,” थोरला म्हणत राहिला. “झालं आता. संपलं.”

धाकटा त्याच्या खांद्यात तोंड खुपसून थरथरत होता. पण बोलल्याशिवाय राहील तर तो धाकटा कसला.

“चांगले आहेत रे ते,” तो पुटपुटला. “सगळ्यांनाच घाई होती. तरी मला म्हणाले, तुझा भाऊ उभा आहे, तू पुढे हो.”

“कोण म्हणाले?”

थोरल्याच्या पाठीमागे गाडीच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. आतून कोणी उतरलं की गाडी जरा वर उचलली जाते, तशी ती उचलली गेली. मग पुन्हा. मग पुन्हा. कोणीतरी जाता जाता त्याच्या खांद्यावर हात टेकला. गार हात होता. त्याच्या मागून दुसरा. थोरल्याने डोळे घट्ट मिटून घेतले आणि भावाला आणखी जवळ ओढलं. जिन्याच्या लाकडी पायऱ्या एकामागून एक वाजायला लागल्या.

वरून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, आणि मग जिन्याच्या तोंडाशी येऊन वहिनीने खाली हाक दिली.

“अहो, भावजी म्हणतायत, त्यांची आणखी माणसं जेवायला आहेत. किती ताटं घेऊ?”